पाक करपतो, सुरमई पाणी सोडते: आंबट-गोड माशाचं नेमकं कुठे बिघडतं

गेल्या आषाढात सलग चार बुधवार आमच्या स्वयंपाकघरात एकच गोष्ट घडली. गूळ, चिंच आणि लसणात मुरवलेल्या सुरमईच्या तुकड्या तव्यावर टाकल्या की पहिली दोन मिनिटं घरभर सुरेख वास सुटायचा. तिसऱ्या मिनिटाला तोच वास कडवट व्हायचा. तुकडी उलटायला जावं तर खालचा थर तव्यालाच बसलेला. ताटात पडायची ती वरून काळी आणि मधल्या काट्यापाशी कच्ची. पुढच्या बुधवारी आच कमी केली, तर तवाभर गढूळ पाणी सुटलं. सुरमई तळली गेलीच नाही, उकडली. तिच्यावर जी चकाकी यायला हवी होती, ती त्या पाण्याबरोबर तव्याच्या कडेला जाऊन जळली.

मुलांना ही चव फार आवडते. तिखट तळलेल्या माशाकडे न बघणारी धाकटी आंबट-गोड तुकडी मात्र स्वतःच्या हाताने काटा बाजूला करून संपवते. त्यामुळे नाद सोडून देणं मला शक्य नव्हतं. कारण शोधत गेले आणि जे सापडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण मैत्रिणींना विचारल्यावर कळलं की बहुतेकींचं याच दोन ठिकाणी बिघडतं: एकीचा पाक करपतो, दुसरीचा मासा पाणी सोडतो. दोन्हींचं मूळ एकच आहे.

दोन कामं आणि एकच तवा

आपण एका तव्याकडून एकाच वेळी दोन कामं मागतो, आणि त्या दोन कामांना लागणाऱ्या गोष्टी एकमेकांच्या विरुद्ध आहेत. माशाला खरपूस व्हायला कोरडा पृष्ठभाग आणि चांगला तापलेला तवा हवा. गुळाला आटायला मध्यम आच आणि सतत ढवळणारा हात हवा. गूळ लावलेला मासा तव्यावर टाकला की दोन्ही एकाच आचेवर येतात आणि दोन्ही बिघडतात.

आकड्यांत सांगायचं तर पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं. तुकडीवर ओल आहे तोवर तिचा पृष्ठभाग त्याच्या फारसा वर जात नाही, आणि मासा तांबूस व्हायला त्याहून बराच जास्त ताप लागतो. दुसरीकडे साखर १६० ते १७० अंशांच्या आसपास रंग बदलू लागते आणि तिथून पुढे झपाट्याने कडू होते. मोठ्या आचेवरचा तवा २०० अंश सहज ओलांडतो. तुकडीखाली अडकलेला मिश्रणाचा थर अगदी पातळ असतो. त्यातलं पाणी काही सेकंदांत उडून जातं आणि उरलेला गूळ तव्याच्या तापमानाला पोचतो. त्याच वेळी तुकडीच्या वरच्या बाजूचं मिश्रण अजून कच्चं आणि पातळ असतं. एकाच तुकडीवर करपलेलं आणि कच्चं शेजारी शेजारी दिसतं ते यामुळे.

गुळात नुसती साखर नसते, ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि इतर घटकही असतात, म्हणून तो पांढऱ्या साखरेपेक्षा लवकर काळवंडतो. एका बुधवारी मी गूळ काढून मध घालून पाहिला, करपणं कमी होईल या आशेने. झालं उलटंच. मधात फ्रुक्टोजचं प्रमाण मोठं असतं आणि फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच रंग धरायला लागतं. मध वापरायचाच असेल तर तो गॅस बंद केल्यावर घाला.

बोंबलाने दिलेलं उत्तर

श्रावण संपल्यावर बाजारात ताजे बोंबील आले. आमच्या सासूबाई बोंबील मधून चिरून काटा काढतात, पुस्तकासारखे उघडतात, मीठ लावून जाड फडक्यात गुंडाळतात आणि वर पाटा ठेवतात. तासाभराने फडकं चिंब झालेलं असतं. मगच ते रव्यात घोळवून तव्यावर जातात आणि कुरकुरीत होतात. त्या दिवशी त्या पाटा उचलत होत्या आणि शेजारी मी सुरमईवर चिंच-गूळ ओतत होते.

“अगं, बोंबील असे ओले टाकशील का तू तव्यावर?” त्यांनी विचारलं.

“नाही, आई.”

“मग सुरमईला काय पाणी नसतं?”

मी हातातली वाटी खाली ठेवली. बोंबलातलं पाणी डोळ्यांना दिसतं, म्हणून ते काढायची पद्धत घराघरात आहे. सुरमई, रावस, हलवा हे घट्ट मांसाचे मासे. त्यांच्यातलं पाणी तव्यावर जाईपर्यंत दिसत नाही, म्हणून आपण तिकडे लक्ष देत नाही. आणि माशावरच्या ज्या चकचकीत थराला सगळे ग्लेझ म्हणतात तो शेवटी पाकच आहे. लाडवांचा, चिरोट्यांचा पाक आपण कधी मुख्य पदार्थाबरोबर एकाच भांड्यात शिजवत नाही. वेगळा करतो, तार बघतो, मग घालतो. मासा बोंबलासारखा कोरडा करायचा, पाक लाडवासारखा वेगळा करायचा आणि दोघांची गाठ फक्त शेवटच्या मिनिटात घालून द्यायची. माझ्या चार बुधवारांचं निदान एवढंच होतं.

मुंबईतल्या पारशी स्वयंपाकघरात हे आधीपासून माहीत आहे. कोळंबीच्या पातियोत गुळाचा गोडवा आणि चिंचेचा किंवा व्हिनेगरचा आंबटपणा असतो. त्याचा मसाला आधी नीट शिजवून घट्ट करतात आणि कोळंबी शेवटी पडते. जपानी तेरियाकीच्या नावातच हे आहे. तेरी म्हणजे चकाकी आणि याकी म्हणजे भाजलेलं. तिथेही मासा आधी भाजला जातो आणि गोड सोया सॉस शेवटी शेवटी त्याच्यावर चढवला जातो.

पाणी येतं कुठून

माझ्या घरी हा त्रास आषाढातच का वाढला, हे नंतर लक्षात आलं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या काळात घरात येते ती बऱ्याचदा गोठवलेली सुरमई. मासा गोठताना त्याच्यातल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात, ते पेशींची आवरणं फाडतात, आणि वितळल्यावर ते पाणी मांसात राहत नाही, बाहेर येतं. शिवाय गोठवलेल्या माशावर तो सुकू नये म्हणून बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो. त्या धंद्यात त्या थरालाही ग्लेझच म्हणतात. तो थर वितळला की तेही पाणी आपल्याच ताटात.

गोठवलेली सुरमई असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीत ठेवा आणि चाळणीखाली भांडं ठेवा. तुकडी स्वतःच्याच पाण्यात पडून राहता कामा नये. घाई झाली म्हणून गरम पाण्यात टाकू नका. बाहेरचा थर अर्धा शिजतो आणि आत बर्फ राहतो. अगदीच वेळ नसेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवलेली चालते.

दुसरं पाणी आपण स्वतः काढतो. मासा चिंचेच्या कोळात, लिंबात किंवा कोकमाच्या आगळात तास-दीड तास मुरवत ठेवायची सवय अनेक घरांत आहे. हिवस वास जावा हा तिचा हेतू, आणि तो बरोबरही आहे. माशाच्या वासाला कारण असलेली अमाइनं आम्लाने निष्प्रभ होतात. पण आम्ल प्रथिनांनाही आवळतं. मासा तव्यावर जाण्याआधीच बाहेरून थोडा शिजल्यासारखा होतो, पांढुरका दिसतो आणि पाणी सोडतो. वासासाठी १० मिनिटं पुरतात. मी तेवढंच ठेवते: हळद, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस, १० ते १५ मिनिटं. आंबटपणा तर पुढे पाकातून येणारच आहे.

मिठामुळेही पाणी सुटतं, पण ते आपल्या फायद्याचं. १५ मिनिटांत ताटलीत जे पाणी जमतं ते तव्यावर सुटण्याऐवजी इथेच सुटलं. ते टाकून द्या. मग प्रत्येक तुकडी सुती फडक्याने किंवा कागदी रुमालाने दोन्ही बाजूंनी आणि कडेच्या कातडीवरूनही टिपून घ्या. पुसू नका, दाबून टिपा. पहिला रुमाल ओला झाला की दुसरा घ्या. या पायरीला पूर्ण दोन मिनिटं द्या. पूर्वी मी इथेच घाई करायचे, आणि आता इतकं करून पाहिल्यावर माझं मत ठाम झालं आहे: सगळ्या पायऱ्यांत सर्वांत जास्त फरक या दोन मिनिटांनी पडतो.

टिपल्यावर तांदळाच्या पिठाचा अगदी पातळ हात फिरवा. पाच तुकड्यांना दोन लहान चमचे पीठ पुरे. उरलीसुरली ओल ते शोषून घेतं आणि तळल्यावर जो खरखरीत थर होतो त्याला पाक धरून बसतो. गुळगुळीत, ओल्या तुकडीवरून पाक घसरतो. रवा मात्र इथे नको, तो पाक पिऊन चिखलासारखा होतो.

मुरवण्यावरून एक काळजीची गोष्ट सांगते. सुरमई, बांगडा, टुना या जातींचा मासा उबेत राहिला तर त्यात हिस्टामिन हा अॅलर्जीसारखा त्रास देणारा पदार्थ तयार होतो आणि तो शिजवून जात नाही. पावसाळ्याच्या दमट संध्याकाळी मसाला लावलेला मासा ओट्यावर तासभर विसरणं म्हणून धोक्याचं आहे. मुरवायचं ते फ्रीजमध्ये. खाताना जीभ चुरचुरली किंवा मिरी खाल्ल्यासारखी झोंबली तर तो मासा तिथेच टाका, मुलांना तर अजिबात देऊ नका. आणि वास आलेला मासा आंबट-गोड पाकाखाली झाकला जातो, पण चांगला होत नाही.

पाक

पाच तुकड्यांसाठी, म्हणजे साधारण ६०० ग्रॅम सुरमईसाठी, माझं प्रमाण असं आहे. सुपारीपेक्षा जरा मोठा चिंचेचा गोळा, सुमारे १५ ग्रॅम, पाऊण वाटी गरम पाण्यात १० मिनिटं भिजवून कोळून गाळून घ्यायचा. त्यात ५० ग्रॅम किसलेला गूळ, चार लसूण पाकळ्या ठेचून, बोटाच्या पेराएवढं आलं किसून, एक लहान चमचा बेडगी मिरचीचं तिखट आणि पाव चमचा मीठ. छोट्या स्टीलच्या पातेलीत मध्यम आचेवर उकळायला ठेवायचं. पाच ते सात मिनिटांत ते निम्म्यावर येतं आणि पाच मोठे चमचे पाक उरतो, तुकडीला एक.

गूळ विरघळला की एकदा गाळून घ्या, कारण गुळात बारीक कचरा असतो आणि तो दातांखाली येतो. लसूण-आलं गाळल्यानंतर घाला.

कधी थांबायचं? चमचा बुडवून उलटा धरा आणि मागच्या बाजूवर बोटाने रेघ ओढा. रेघ राहिली, दोन्ही बाजूंचा पाक एकमेकांत मिसळला नाही, की गॅस बंद. ज्यांचा हात पाकावर बसलेला आहे त्यांना एका वाक्यात सांगते: एकतारीच्या जरा अलीकडे. पूर्ण एकतारी झाला तर तव्यावर त्या शेवटच्या मिनिटात तो दोनतारीकडे जाईल आणि ताटात गार होताना चिक्कीसारखा आवळेल. माझी मोठी चूक हीच होती. उकळता पाक नेहमी पातळ दिसतो, म्हणून मी तो आटवत राहायचे. गरम असताना जरा पातळ वाटतो तो गार होताना बरोबर होतो.

चिंच आणि गूळ वेगवेगळे न घालता सुरुवातीपासून एकत्र उकळावेत. पाकात साखर पुन्हा दाणेदार बसू नये म्हणून आपण लिंबू पिळतो ना, तेच काम इथे चिंच करते. आम्लासह उकळताना साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो आणि पाक गुळगुळीत राहतो.

गुळाबद्दल दोन शब्द. चिक्कीचा गूळ म्हणून जो वेगळा मिळतो तो यासाठी घेऊ नका. तो गार झाल्यावर कडक, ठिसूळ बसतो आणि माशावर काचेसारखा फुटतो. नेहमीचा कोल्हापुरी गूळ उत्तम. गुऱ्हाळावरची काकवी घरात असेल तर तिच्याइतकं सोयीचं काहीच नाही. ती आधीच पातळ असते, कोळात मिसळून तीन-चार मिनिटं उकळली की काम झालं. फक्त तीही लवकर काळवंडते, त्यामुळे आच सांभाळा.

आंबटासाठी चिंचेऐवजी कोकमाचं आगळ वापरता येतं. त्याची चव मला माशाबरोबर जास्त आवडते आणि रंगही सुंदर गडद येतो. पण आगळात भरपूर मीठ असतं. मी पहिल्यांदा आगळ घातलं तेव्हा मीठही सवयीने घातलं आणि पाचही तुकड्या खाण्यासारख्या राहिल्या नाहीत. आगळ दोन मोठे चमचे, पाणी अर्धी वाटी, आणि पाकात वेगळं मीठ शून्य. लिंबू वापरायचं असेल तर ते उकळू नका, त्याचा ताजा वास उडून जातो. शेवटी, गॅस बंद केल्यावर पिळा.

भांडं स्टीलचंच घ्या. लोखंडी किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात चिंच उकळली तर धातू उतरतो, पाक काळा पडतो आणि त्याला एक धातूची चव येते. काहींना ती करपल्याचीच चव वाटते आणि मग आचेला दोष दिला जातो. आच बरोबर असूनही तुमचा पाक दर वेळी कडवट-काळा होत असेल, तर आधी भांडं तपासा.

गाठ घालायची ती शेवटच्या मिनिटात

तवा मध्यमपेक्षा जरा जास्त आचेवर तापवा, मग तेल घाला, तेल हलकं लहरायला लागलं की तुकड्या ठेवा. बिडाचा तवा असेल तर फारच छान. नॉनस्टिक असेल तर रिकामा मोठ्या आचेवर ठेवून विसरू नका, २६० अंशांच्या वर त्याचं आवरण खराब होऊ लागतं.

तुकडी ठेवल्यावर हात लावू नका. सुरुवातीला माशाची प्रथिनं तव्याच्या धातूला चिकटतातच. खालचा थर सुकून खरपूस झाला की तो आपोआप सुटतो. तीन ते चार मिनिटांनी उलथन्याने कडेने हलकेच ढकलून पाहा. सरकली तर उलटा. अडली तर अजून अर्धं मिनिट थांबा. जोर लावला की तुकडी मोडते, आणि मोडलेल्या तुकडीच्या भेगांतून पुन्हा पाणी सुटतं. तेल गार असताना मासा ठेवणं आणि तवा गच्च भरणं, ही चिकटण्याची आणखी दोन कारणं. पाच तुकड्या एका तव्यात मावतात, पण मी तीन आणि दोन अशा करते. दाटीवाटीत वाफ कोंडते आणि सगळी मेहनत पुन्हा उकडण्यावर येते. झाकण तर नकोच.

उलटल्यावर दुसरी बाजू दोन मिनिटं. आता सुरमई जवळजवळ शिजलेली असते. तव्यात जास्तीचं तेल असेल तर ते निथळून टाका, नाहीतर पाक तेलावर तरंगतो. आच अगदी मंद करा. प्रत्येक तुकडीवर एक चमचा पाक सोडा, तव्यात उतरलेला पाक चमच्याने उचलून पुन्हा वर घाला, एकदा अलगद उलटा, परत वर घाला. हे सगळं एका मिनिटात, फार तर सव्वा. पाकाचे मोठे बुडबुडे बारीक आणि दाट झाले की गॅस बंद. तापलेला तवा पुढचं थोडं काम करतोच. गरम पाक अंगावर उडाला तर साध्या पाण्यापेक्षा फार वाईट भाजतो, कारण तो कातडीला चिकटून राहतो. या एका मिनिटात मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

शिजला की नाही हे रंगावरून ओळखू नका, पाकाखाली सगळंच शिजलेलं दिसतं. पाक घालण्याआधी मधल्या काट्यापाशी सुरीचं टोक घालून बघा. मांस पांढरं, अपारदर्शक आणि काट्यापासून सुटणारं हवं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन माशासाठी ६३ अंश सेल्सियस सांगतं. तुकडी जाड असेल तर हे वेळेचं गणित बदलतं, म्हणून कोळणीकडूनच बोटाच्या जाडीचे, सगळे सारखे काप करून घ्या. वेगवेगळ्या जाडीच्या तुकड्या आणल्या तर शेपटाकडची सुकते तेव्हा पोटाकडची कच्ची असते.

तरीही बिघडलं तर

पाक तव्यात फार घट्ट झाला, तर गॅस बंद करून दोन चमचे गरम पाणी घाला आणि तवा हलवा, तो सैल होतो. पातळच राहिला, तर तुकड्या ताटात काढा आणि पाक एकटा आटवा. मासा तव्यात ठेवून आटवलात तर मासा कोरडा होईल. कडू झाला असेल तर मात्र तो वाचत नाही. अजून गूळ घालून कडूपणा झाकायचा प्रयत्न मी केला आहे, फक्त गोड-कडू होतं. तुकड्या बाहेर काढा, तवा पुसा, पाक नवा करा. सात मिनिटांचं काम आहे.

नुसताच गोड लागत असेल तर बहुतेक वेळा आंबट कमी नसतं, मीठ कमी असतं. आधी चिमूटभर मीठ घालून चव घ्या, मगच चिंचेकडे वळा.

करपलेला तवा घासत बसू नका. पाणी भरून उकळी आणा, दहा मिनिटं तसंच राहू द्या. साखर पाण्यात विरघळते आणि बराचसा थर सुटून येतो. बिडाचा तवा असेल तर लगेच कोरडा करून तेलाचा हात फिरवा.

इतर मासे

रावस या पाकाला सुरमईइतकाच चांगला, किंबहुना मुलांसाठी जास्त मऊ. हलवाही चालतो. पापलेट नाजूक आणि महाग, त्याची स्वतःची चव पाकाखाली दबते, मी त्याला हे करत नाही. बांगडा अख्खा, अंगावर तिरक्या चिरा देऊन करता येतो; त्याच्या तेलकटपणाला आंबट चांगलं झेपतं, आणि पाकात दोन-तीन तिरफळं बिया काढून ठेचून घातली तर ती चव वेगळीच. बोंबील या कामाचे नाहीत. ते दाबून, रव्यात घोळवून कुरकुरीतच खावेत.

परदेशात राहणारी माझी बहीण हेच सॅमनवर करते. तिच्याकडे ओव्हन असतो, म्हणून ती फिलेट टिपून, तेल लावून २०० अंशांवर आठेक मिनिटं भाजते, मग पाक लावून फक्त शेवटची तीन-चार मिनिटं. सॅमनवर जे पांढरं साय आल्यासारखं दिसतं ते माशातलंच प्रथिन आहे, खराबी नाही. आच जास्त झाली की ते जास्त बाहेर येतं. तिने पहिल्या वेळी पाक सुरुवातीलाच लावला होता आणि तिचाही ट्रे काळा झाला होता.

आठवड्याच्या मधल्या रात्री

मी साडेसातला घरी येते आणि साडेआठला पानं घ्यावी लागतात. आल्याबरोबर माशाला मीठ-हळद-लिंबू लावून तो फ्रीजमध्ये, आणि चिंच भिजत. कुकर एका शेगडीवर. हातपाय धुऊन येईतो १५ मिनिटं झालेली असतात. दुसऱ्या शेगडीवर पाक. तो उकळत असताना मासा टिपायचा. पाक उतरला की त्याच शेगडीवर तवा. कुकरचं झाकण पडेतो पहिल्या तीन तुकड्या तयार असतात. बरोबर साधं वरण, भात आणि काकडी. सोलकढी त्या दिवशी नको, पाकाच्या आंबटावर ती आंबट जास्त होते आणि दोन्हींची मजा जाते.

पाक रविवारी दुप्पट करून काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवला तर चार-पाच दिवस चांगला राहतो. गार झाल्यावर तो घट्ट होतो, चमचाभर पाणी घालून कोमट केला की झालं. पण बाटलीतून लागेल तेवढा वाटीत काढून घ्या. माशाला लागलेला चमचा बाटलीत परत जाता कामा नये.

दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी तुकडी द्यायची असेल तर तिला रात्री पाक लावूच नका. नुसती तळून, गार झाल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी मंद तव्यावर दोन मिनिटं आतपर्यंत गरम करून डब्यात भरा आणि पाक छोट्या डबीत वेगळा द्या. पाक लावून ठेवलेली तुकडी रात्रभरात पुन्हा पाणी सोडते, आणि सकाळी डब्यात भाताखाली ते गढूळ पाणी जमतं.